गोधडीवरची भरतकामाची ऑर्डर बिघडून आली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडी हाताने शिवायची आणि त्यावरचं बाळाचं नाव, हत्ती किंवा मोर तेवढा कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या दुकानातून करून घ्यायचा, ही आता सर्रास पद्धत आहे. दुकानाची मशीन मात्र टी-शर्ट, टोप्या आणि ब्लाउजपीससाठी लावलेली असतात. जुन्या साडीचे चार-पाच थर आणि त्यावर ओळीने धावदोरा, असलं काम त्यांच्याकडे क्वचित येतं, आणि तिथेच बरंच काही चुकतं. पुढचे प्रश्न हाताने शिवलेली गोधडी, दुपटं, रजई यांच्यावर मशीनने केलेल्या भरतकामाबद्दल आहेत.

गोधडी हातात आली आणि नाव बघून जीवच बसला. आधी काय करू?

आधी काहीच करू नका. धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, कात्री तर लांबच ठेवा. धुतलेल्या किंवा उसवलेल्या कामाबद्दल दुकानदाराशी बोलताना तुमची बाजू निम्मी होते. शिवाय इस्त्रीच्या उष्णतेने काही पेनांचे आणि तेलाचे डाग कायमचे बसतात.

गोधडी पलंगावर किंवा फरशीवर सपाट पसरा आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढा: एक सरळ वरून, एक बाजूने येणाऱ्या तिरक्या उजेडात (चुण्या यातच दिसतात), एक मागच्या बाजूचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. नावाच्या दोन्ही टोकांपासून गोधडीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मग ऑर्डर देताना पाठवलेला मेसेज, चिठ्ठी, पावती शोधा. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयाला लागतं.

हा खरंच दोष आहे की मशीनचं भरतकाम असंच दिसतं?

काही गोष्टी दोष नाहीत. मागच्या बाजूला पांढरा दोरा दिसणं नेहमीचंच, कारण खालच्या बॉबिनमध्ये बहुतेक दुकानं पांढराच दोरा भरतात. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना कापलेल्या दोऱ्याचं 2-3 मिमी टोक मागे राहतं, तेही चालतं. रेयॉनच्या दोऱ्याला हातभरतीच्या सुती दोऱ्यापेक्षा जास्त चकाकी असते. ती आवडली नाही तर तो निवडीचा प्रश्न झाला, दोष नाही.

दोष कोणता, ते मागची बाजू सांगते. सॅटिन टाक्याच्या (शेजारीशेजारी घातलेल्या दाट आडव्या टाक्यांच्या) पट्टीत, म्हणजे अक्षराच्या काना-दांडीत, मागे मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीची पांढरी रेघ आणि दोन्ही बाजूंना रंगीत दोरा दिसला, तर ताण बरोबर आहे. मागे पांढरं अजिबात नसेल तर वरचा दोरा सैल होता, आणि बोट फिरवल्यावर पुढच्या बाजूला फासे लागू शकतात. उलट पुढच्या बाजूला पांढरे ठिपके दिसत असतील तर वरचा दोरा फार ताणलेला होता किंवा खालचा सैल. मागे दोऱ्याचा गुंताच असेल तर मशीन मध्येच अडकलं होतं आणि काम तसंच पुढे रेटलं गेलं. अशा ठिकाणी दोरे धरून ओढायचा मोह आवरा, वरचे टाके सुटतील.

भराव आणि त्याची किनार यांच्यात कापडाची फट दिसते का तेही पाहा. अर्ध्या मिलिमीटरची फट कोणी मनावर घेत नाही. दीड-दोन मिमी असेल तर कापड फ्रेममध्ये सरकलं होतं किंवा पंचिंग करताना, म्हणजे डिझाइनची मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवताना, दोऱ्याच्या ओढीचा हिशेब धरला नव्हता.

नावाभोवती चुण्या का पडल्या?

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. तिची कारणं चार आहेत आणि बहुधा दोन-तीन एकदम लागू पडतात.

पहिलं म्हणजे टाक्यांची दाटी. सॅटिन टाक्यात दोन ओळींमधलं अंतर नेहमी 0.4 मिमीच्या आसपास ठेवतात. म्हणजे 1 सेंमी लांबीच्या शिरोरेषेत सुई सुमारे 50 वेळा कापडात शिरते. भराव टाक्यात ओळींमधलं अंतर 0.4 मिमी आणि टाका 4 मिमी धरला, तर एका चौरस सेंटिमीटरला साठेक टाके बसतात. 5 सेंमी बाय 5 सेंमीचा भरीव हत्ती म्हणजे दीड हजारांवर टाके, आणि खालचा आधाराचा थर वेगळा. यातला प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढतो. जीन्स हे सहन करते, पन्नास वेळा धुतलेली मलमली साडी करत नाही.

दुसरं कारण मागच्या आधाराचं. मशीनच्या कामात कापडामागे पेपर बॅकिंग लावतात, ते ही ओढ पेलतं. तयार गोधडीवर काम करताना मागची बाजू खराब दिसेल म्हणून दुकानदार बॅकिंग लावत नाही, किंवा 'कापड जाडच आहे की' म्हणून सोडून देतो. गोधडी जाड असते खरी, पण तिचे थर एकमेकांवर सरकतात. जाडी आणि घट्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं, फ्रेममध्ये कापड ताणून बसवलं जातं. फ्रेममध्ये असेपर्यंत काम ढोलासारखं सपाट दिसतं. फ्रेम काढली की आजूबाजूचं कापड मूळ मापावर परततं, टाक्यांखालचं परतू शकत नाही, आणि अक्षरांभोवती लाटा उठतात.

आणि शेवटचं कारण पहिल्या धुण्यानंतर कळतं. वरचा थर नवीन, न धुतलेल्या सुती कापडाचा असेल तर तो 3 ते 5 टक्के आटू शकतो. भरतकामाचा पॉलिएस्टर दोरा आटत नाही. जुन्या साडीला हा धोका नाही, ती आधीच आटलेली असते. त्यामुळे आधी सपाट असलेलं नाव धुतल्यावर चुरगळलं, तर दोष दुकानाच्या पदरात टाकण्याआधी कापड पाण्यातून काढलं होतं का ते आठवा.

या चुण्या काढता येतात का?

थोड्या असतील तर येतात. जाड टॉवेल अंथरा, नाव टॉवेलकडे तोंड करून पालथं ठेवा, वर ओला करून पिळलेला सुती रुमाल घाला आणि इस्त्री दाबून उचला. घासू नका. टॉवेलच्या मऊपणात टाके बसतात आणि भोवतालचं कापड सपाट होतं. आत पॉलिएस्टरची वाडिंग (कापसासारखा फुगीर थर) भरलेली असेल तर इस्त्री टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वरून नुसती वाफ द्या. वाडिंग एकदा चपटी झाली की फुगत नाही.

मध्यम चुण्यांवर गोधडीचाच उपाय आहे: धावदोरा. नावाच्या बाहेरच्या आकाराला समांतर, 5-6 मिमी अंतरावर एक ओळ, मग तेवढ्याच अंतरावर दुसरी, तिसरी, अशा चार-पाच ओळी सगळ्या थरांतून घाला. सुरुवात नेहमी नावाकडून बाहेर. चुणीत साठलेलं जास्तीचं कापड या ओळींत थोडं थोडं वाटलं जातं आणि सुरकुती नक्षीसारखी दिसू लागते. बोटाने दाबून चुणी पूर्ण झोपत असेल तर हा उपाय लागू पडतो. दाबल्यावर घडी पडत असेल तर नाही.

फार दाट टाक्यांमुळे कापड वाटीसारखं वर आलं असेल तर वाफेने फरक पडणार नाही. उसवणं किंवा झाकणं, दोनच रस्ते उरतात.

नाव बरोबर लिहून दिलं होतं, तरी वेलांटी पळाली आणि जोडाक्षर फुटलं. असं कसं होतं?

पंचिंगची अनेक सॉफ्टवेअर रोमन अक्षरांसाठी बनलेली आहेत. देवनागरीत टंकलेल्या अक्षरांचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो, हे त्यांतल्या काहींना कळत नाही. 'मिहिर' टंकताना म नंतर वेलांटी, मग ह, मग पुन्हा वेलांटी, मग र असा क्रम जातो. सॉफ्टवेअरने तो जसाच्या तसा मांडला की वाचायला 'महिरि' मिळतं. 'स्वरा'मध्ये स चा पाय मोडलेला दिसतो, 'आर्या'मधला रफार य च्या डोक्यावर न बसता र म्हणून मध्येच उभा राहतो. शिवाय काही दुकानांत जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. त्यांत व्हॉट्सअॅपवरचं नाव चिकटवलं की भलतंच उमटतं, म्हणून दुकानदार नाव पुन्हा हाताने टंकतो आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथे चुकतं. ल आणि श हिंदी वळणाचे येतात तेही फॉन्टमुळेच.

शिरोरेषेची गोष्ट वेगळी. प्रत्येक अक्षर आपापल्या तुकड्याच्या शिरोरेषेसह शिवलं, तर दोऱ्याच्या ओढीने तुकडे आखडतात आणि दोन अक्षरांमध्ये फटी पडतात. जाणकार पंचिंगवाला अक्षरं आधी शिवतो आणि शेवटी सगळ्यांवरून एकच सलग शिरोरेषा घेतो.

उपाय चुकीच्या आकारावर ठरतो. अनुस्वार राहिला असेल तर हाताने भरा: त्याच दुकानातून त्याच रंगाचा 5-6 मीटर दोरा मागून घ्या (कोणी नाही म्हणत नाही) आणि एकपदरी दोऱ्याने आडवे टाके जवळजवळ घाला. जास्तीची मात्रा किंवा उकार तेवढाच उसवता येतो. ऱ्हस्वाची दीर्घ वेलांटी करायची तर एक दांडी उसवून दुसरीकडे नवी भरावी लागते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची छिद्रं उघडी पडतात. इथून पुढे नवं नाव करणंच कमी कष्टाचं. पूर्ण अक्षर चुकलं असेल तर दुरुस्तीच्या मागे लागूच नका.

उसवू की झाकू?

कापडाकडे बघून ठरवा. भरतकामाजवळचा वरचा थर चिमटीत धरून उजेडापुढे करा आणि हळूच ताणा. कापड नवं, घट्ट विणीचं सुती असेल तर उसवता येईल. जुनी नऊवारी असेल, सूत विरळ दिसत असेल, ताणल्यावर धागे सरकत असतील, तर झाका. दाट सॅटिनखालची साडी पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांनी भरलेली असते. टाके आहेत तोवर ती टाक्यांच्याच आधाराने उभी आहे, ते काढले की खिडकी पडते.

रेशीम, सॅटिन, पैठणीचा काठ किंवा पॉलिएस्टर मिश्र खण यांवर केलेलं काम उसवू नये. सुईची छिद्रं तिथे मिटत नाहीत.

आमचं मत विचाराल तर जुन्या साडीच्या गोधडीवर दहापैकी नऊ वेळा झाकणंच शहाणपणाचं. गोधडीला ठिगळ परकं नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी जमातीच्या बायका तर आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर मुद्दाम घडीची 'फुलं' लावतात.

उसवायचंच आहे. नीट पद्धत सांगा.

टोकदार छोटी कात्री, नवं धारदार सीम रिपर (शिवण उसवायचं अवजार), चिमटा, चिकटपट्टी, बोथट सुई आणि भरपूर उजेड लागेल. चार अक्षरांच्या अडीच सेंमी उंचीच्या नावाला एक पूर्ण संध्याकाळ तरी धरा.

काम मागच्या बाजूने सुरू करायचं. तिथे बॅकिंग असेल तर पातं थेट कापडावर जात नाही. जे शेवटी शिवलं गेलं ते आधी निघतं, म्हणून किनार आधी, भराव नंतर. सॅटिनच्या पट्टीत मधली पांढरी रेघ शोधा आणि त्या रेघेवरून रिपर एका वेळी तीन-चार टाक्यांखाली घालून कापत जा. एक-दीड सेंमी झालं की गोधडी उलटा आणि पुढून बोथट सुईने वरचे दोरे उचला. ते सुटे तुकडे होऊन येतील. येत नसतील तर मागे काही टाके कापायचे राहिलेत, ओढू नका. बारीक तुकडे चिकटपट्टीने टिपा. वरचं सगळं निघाल्यावर खाली आधाराचे लांब लांब टाके दिसतील, ते शेवटी.

सगळ्या थरांतून शिवलेल्या तयार गोधडीत मागे बॅकिंग नसतं, दुसरी साडी असते. तिथे रिपरऐवजी कात्रीचं टोक वापरा आणि दोन-दोन टाकेच कापा. तुमचा हाताचा धावदोराही या टाक्यांत अडकलेला असतो आणि तो कापला जाणारच. कापला गेला की त्याची दोन्ही टोकं चार टाके मागेपर्यंत सोडवा, सुईत घालून थरांमध्ये लपवा आणि नंतर तेवढी ओळ नव्या दोऱ्याने पुन्हा घाला.

भरतकाम उसवायचं ट्रिमरसारखं विजेचं यंत्र मिळतं. दुकानात बॅकिंग लावलेल्या टी-शर्टवर ते झकास चालतं. गोधडीवर आणू देऊ नका. मागच्या साडीचे धागे ते टाक्यांबरोबरच उडवतं.

उसवल्यावर छिद्रं राहिली.

सुती कापडावर पाण्याचा फवारा मारा, मग नखाने किंवा चमच्याच्या पाठीने आधी उभ्या, मग आडव्या धाग्यांच्या दिशेने हलकं खरवडा. धागे जागेवर सरकतात. वाफ द्या, पुन्हा खरवडा. एक-दोन साध्या धुण्यांनंतर बहुतेक छिद्रं मिटतात. धागा सरकलेला नसून तुटलेला असेल तर ती जागा ठिगळासाठीच.

उसवलेल्या जागेवर तेच नाव पुन्हा मशीनने करून देतो, असं दुकानदार म्हणेल. त्याच छिद्रांत दुसरा तेवढाच मारा कापडाला झेपत नाही. करायचंच असेल तर मागे नवं बॅकिंग, कमी दाटी आणि आधीच्या आकारापेक्षा किंचित मोठं डिझाइन, एवढं तरी हवं.

झाकायचं कसं, म्हणजे झाकल्यासारखं दिसणार नाही?

भरतकामाच्या बाहेरच्या टोकांपासून सगळीकडे 1.5 सेंमी जास्त, आणि त्यावर दुमडण्यासाठी 7-8 मिमी, एवढा तुकडा कापा. कापड धुऊन वाळवलेलं सुती. खालचे टाके जाड असतील तर त्यांचा उठाव वर दिसतो, म्हणून तुकड्याला आतून पातळ सुती अस्तर लावा. टाके आधी टॉवेलवर पालथे ठेवून इस्त्रीने दाबून घ्या.

नवं नाव या सुट्या तुकड्यावर आधीच करून घ्या, हाताने किंवा मशीनने. मग कडा आत दुमडून कच्ची शिलाई घाला आणि 3 मिमीच्या तुरपाईने बसवा. काजटाक्याने बसवलं तर बाळाच्या गोधडीला ते छानच दिसतं. एवढ्यावर थांबलात तर मात्र तो तुकडा वरून चिकटवल्यासारखा राहील. गोधडीच्या धावदोऱ्याच्या ओळी त्याच अंतराने ठिगळावरूनही, अक्षरं चुकवून, सगळ्या थरांतून पुढे न्या. ठिगळ गोधडीत विरतं ते या ओळींमुळे. उरलेल्या कोपऱ्यांपैकी निदान एकावर त्याच कापडाचा छोटा तुकडा लावला की योजना आधीपासून तशीच होती असं वाटतं.

पान, चांदवा, घर, होडी, कुठलाही आकार चालेल. नावासाठी मात्र सरळ कडांचा चौकोन शिवायला सर्वांत सोपा.

बारसं परवावर आलंय. काय करू?

ठिगळच. 15 सेंमी बाय 7 सेंमीचा सुती तुकडा घ्या, पाण्यात विरणाऱ्या पेनाने 2.5 सेंमी उंचीची अक्षरं काढा आणि सहापदरी भरतदोऱ्याचे तीन पदर घेऊन साखळीटाक्याने भरा. सवयीच्या हाताला अक्षरामागे अर्धा तास लागतो. वेलांट्या आणि रफार देठटाक्याने जास्त सफाईदार येतात. खालचं चुकलेलं नाव आता उसवत बसू नका. तुरपाई घालून मोकळ्या व्हा, धावदोऱ्याच्या ओळी बारशानंतर घाला.

फ्रेमचा गोल वळ, पेनाच्या रेघा, तेलाचा ठिपका: हे जाईल का?

फ्रेमचा वळ सुती कापडावरून पाण्याचा फवारा आणि वाफेने जातो.

निळा, पाण्यात विरणारा पेन असेल तर थंड पाण्यात बुडवा, नुसता ओला बोळा फिरवू नका. बोळ्याने रंग आतल्या थरात ढकलला जातो आणि वाळताना पुन्हा वर येतो. त्याआधी इस्त्री लागली असेल तर रेघ पक्की झाली समजा. उष्णतेने पुसला जाणारा पेन याच्या उलट वागतो: इस्त्रीने गायब होतो आणि उणे 10 अंशांच्या आसपासच्या थंडीत परत दिसू लागतो. पुण्यात ते कधीच कळणार नाही, पण गोधडी बर्फाच्या देशात नातवाकडे पाठवायची असेल तर आधी धुऊन घ्या. बॉलपेनच्या डागाखाली जुना रुमाल धरून वरून स्पिरिटचा बोळा टिपा, पण आधी कोपऱ्यात रंग उतरतो का ते पाहा.

मशीनच्या तेलावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, झटका, मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळून कोमट पाण्याने धुवा. डाग पूर्ण जाईपर्यंत उष्णता नको.

हाताच्या आरीकामाची (आकड्याच्या सुईने केलेल्या भरतकामाची) ऑर्डर असेल तर खाका, म्हणजे छिद्रांच्या कागदावरून नक्षी, छापताना रॉकेल आणि झिंकची पूड किंवा नीळ वापरलेली असू शकते. तो वास उन्हात वारा लागला की हळूहळू उडतो. बाळाच्या अंगावर घालायची गोधडी तोवर बाहेरच राहू द्या.

धुतल्यावर लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडात उतरला.

वाळू देऊ नका. ओलं असतानाच थंड पाण्यात, पाणी बदलत बदलत खळबळा. मग मोठ्या बादलीत भरपूर पाणी आणि थोडं सौम्य डिटर्जंट घेऊन गोधडी पूर्ण बुडेल अशी ठेवा. पाणी रंगलं की बदला. दुमडून, पिळून ठेवू नका, नाहीतर डाग दुसऱ्या घडीवर छापला जाईल. क्लोरीनचं ब्लीच नकोच. पॉलिएस्टर दोरा ते सोसतो, रेयॉन आणि जुन्या साड्यांचे रंग सोसत नाहीत. रेयॉन ओला असताना कमजोरही होतो, तेव्हा ब्रश लावू नका.

रंग दोऱ्याचाच उतरला की साडीचा, ते पांढरा ओला रुमाल दोन्हींवर वेगवेगळा दाबून बघा. जुन्या इरकलीचा रंग उतरला असेल तर त्यात भरतकामवाल्याचा काय दोष?

मागची बाजू टोचते, दोरे लोंबतात. बाळाला चालेल?

तशीच नाही. मागच्या बाजूचे 5 मिमीपेक्षा लांब मोकळे फासे बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जाऊ शकतात. अक्षरांमधले आडवे दोरे मधोमध कापून टोकं 3 मिमी ठेवा, मुळाशी कापू नका. फाडून काढायचं बॅकिंग टाक्यांवर अंगठा दाबून हळूच फाडा. कापायचं असेल तर भोवती 5 मिमी ठेवून गोल कापा, कारण टोकदार कोपरेच टोचतात. मग वरून मऊ जाळीदार फ्यूजिंग (चिकटणारं अस्तर) इस्त्रीने बसवा किंवा सरळ मलमलचा तुकडा तुरपा. जरीचा दोरा बाळाच्या गालाजवळ नकोच. 7 मिमीपेक्षा रुंद सॅटिन टाकेही नखात अडकून निघतात.

दुकानदाराकडे काय मागणं रास्त आहे?

आवाज चढवण्याआधी तुमची ऑर्डर वाचा. नाव फोनवर सांगितलं होतं का? तयार गोधडीवर करू नका असं त्याने म्हटलं होतं का? म्हटलं असेल आणि तुम्ही आग्रह केला असेल, तर चुण्यांची जबाबदारी निम्मी तुमची. लेखी दिलेल्या नावात चूक, ठरलेल्या जागेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर सरकलेलं काम, फाटलेलं कापड, तेलाचे डाग, गुंता, ही मात्र निखळ त्याची.

मागणी एकच आणि नेमकी ठेवा. मजुरी परत, किंवा सुट्या तुकड्यावर तेच नाव फुकट करून, ठिगळ तुम्ही लावाल. दुसरा पर्याय दुकानदार पटकन मान्य करतो, कारण पंचिंगची फाइल त्याच्याकडे तयारच असते, आणि गोधडीही त्याच्या मशीनखाली दुसऱ्यांदा जात नाही. उसवून देण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.

तो ऐकतच नाही. कायद्याने काही होतं?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पैसे घेऊन केलेलं भरतकाम ही सेवा आहे. बिल न देणं आणि सदोष सेवा दिल्यावर बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडतात. 'आमची जबाबदारी नाही' असं पावतीवर छापल्याने त्रुटी आपोआप माफ होत नाही.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. बरीच लहान प्रकरणं इथेच मिटतात. पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि मुदत दोन वर्षांची. गोधड्या विकून तुम्ही स्वतःचं पोट चालवत असाल तर मात्र आधी जाणकाराला विचारा. स्वयंरोजगाराची सवलत 2019 च्या कायद्यात विकत घेतलेल्या वस्तूंसाठी लिहिलेली आहे, सेवेचा उल्लेख तिथे नाही. पाच-सातशे रुपयांच्या मजुरीसाठी आयोगापर्यंत जाणं क्वचितच परवडतं. पण आईच्या शेवटच्या लुगड्याची गोधडी फाडून दिली असेल तर हिशेब वेगळा.

पुढच्या वेळी ऑर्डर देताना काय लिहून द्यायचं?

तयार गोधडी देऊच नका, ही पहिली अट. थर रचण्याआधी वरचा एकेरी थर द्या, चारही बाजूंना फ्रेमच्या पकडीसाठी 10-12 सेंमी जास्त कापड ठेवून. किंवा सुटा तुकडाच करून घ्या आणि मग लावा. कापड आधी धुतलेलं हवं. गोधडी तयारच असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर चुंबकाची फ्रेम, 90/14 ची सुई, मशीनचा वेग मिनिटाला 500-600 टाके आणि भरीव चित्राऐवजी नुसती बाह्यरेषा, एवढं ठरवून घ्या.

नाव टंकून पाठवू नका. कागदावर ठळक लिहून फोटो द्या, किंवा नावाची प्रतिमा द्या आणि 'हीच प्रतिमा पंच करा, पुन्हा टंकू नका' असं स्पष्ट लिहा. देवनागरीची उंची वेलांटी-उकार सोडून किमान 12 मिमी ठेवा. त्याखाली 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांची पोटं बुजतात. शिरोरेषा शेवटी आणि सलग, हेही लिहा. जागा गोधडीच्या दोन कडांपासून सेंटिमीटरमध्ये सांगा आणि मध्यबिंदूला दोऱ्याचा टाका घालून द्या, खडूची खूण वाटेत पुसते.

त्याच कापडाच्या एका तुकड्यावर नमुना मागा. त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्या. नमुना घरी आणून धुवा, वाळवा, आणि घरातल्या दोघांना नाव मोठ्याने वाचायला सांगा. त्यानंतरच मूळ कापड दुकानात न्या.